डब्बेवाली बाई

माझी बायको भागरथा गेल्या पुसाच्या महिन्यात वारली. विहारात पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला चार माणसं माइकवर बोलली. एकानं तिला सोशिक म्हटलं, एकानं त्यागमूर्ती. मी समोर खुर्चीवर बसून ऐकत होतो. सोशिक! दारात उलटी पडलेली चप्पल सोसायची नाही तिला. माझ्या आईशी ती जन्मभर भांडली आणि आई गेली तेव्हा सगळ्यात जास्त तीच रडली, कारण आता भांडायला कोणी उरलं नव्हतं. मला माइकवर बोलता येत नाही. चौथी शिकलेला माणूस मी, रोलर चालवण्यात जन्म गेला. म्हणून लिहितो. सगळा जन्म सांगत बसत नाही. एका हिवाळ्याचं सांगतो, त्यात ती सगळी येते.

गडचिरोली तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. अहेरीच्या पुढं जंगलातून रस्ता चालला होता आणि त्यावर माझा रोलर. रोलर म्हणजे माणसापेक्षा हळू चालणारं यंत्र. सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येणं त्याच्या नशिबात नाही, म्हणून ड्रायव्हरच्याही नाही. ठेकेदारानं जुन्या ट्रकच्या चाकांवर टिनाची एक खोली बसवून दिली होती. रस्ता पुढं सरकला की ती रोलरच्या मागं जोडायची आणि ओढत न्यायची. तिला सगळे डब्बा म्हणत. आत झोपायला दोन फळ्या, एक दार, एक खिडकी. मी तिथं एकटाच राहायचो.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि ही म्हणाली, "मी बी येते."

आमचं घर गोंडपिपरीकडचं. आई ओट्यावर बसली होती. ती म्हणाली, "अवो, तिथी वाघ हाये."

"हाये त हाये. इथी कोणतं हरीण बसलं हाये?"

आईनं तोंड फिरवलं. ही पाटा-वरवंटा पोत्यात बांधून तयार. मी म्हटलं, कपडे घे, गोधड्या घे, हा दगड कशाला? ती म्हणाली, "गोधडी उडून जाते, दगड बसते."

डब्ब्यात राहण्याचे तिचे कायदे होते. डब्बा ओढताना ती आत बसायची नाही. रोलरच्याही पुढं, कंबरेला पदर खोचून, रस्त्याच्या मधोमध चालायची. मी वरून ओरडायचो, बाजूला हो. ती वळूनही पाहायची नाही. एकदा म्हणाली, "घर आपल्या मागून आलं पाह्यजे जी. आपण घराच्या मांगं पळू नाई." डब्बा थांबला की आधी पाटा उतरवायचा, दाराजवळ ठेवायचा. तोपर्यंत मलासुद्धा आत पाय टाकू द्यायची नाही. पाटा टेकला की ती म्हणायची, "झालं गाव." मग चूल.

थंडी मात्र तिच्या कायद्यात बसत नव्हती. टिन दिवसा तापायचं आणि सूर्य गेला की असं गार पडायचं की हात लागला तर भाजल्यासारखं वाटायचं. सकाळी आमच्याच श्वासाचं पाणी छतावरून अंगावर टपकायचं. खोबरेलाची बाटली पांढरी दगड. तिनं तांदळाच्या कण्यांची खळ शिजवली आणि सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांचा कागद आतून चिकटवला, एकावर एक.

"उंदीर खातीन," मी म्हटलं.

"खाऊ दे. त्यायले बी थंडी वाजते."

कोंबडा आला तो अशाच एका सकाळी. डब्ब्याच्या चाकाखाली पडला होता. दवात भिजलेला, मानेवरची पिसं गेलेली, एक डोळा चिकटून बंद. मला वाटलं मेला. तिनं उचलला, नाकाजवळ धरला आणि सरळ पदरात घातला.

मी म्हटलं, "गावात इचार. कोणाचा असन."

"मेलेला कोंबडा कोणाचा असते जी?"

"मेला कुठी हाये?"

"मंग मी काऊन इचारू? जिता झाला का इचारीन."

जिता झाला, पण विचारायचं राहिलं. त्याचा तो डोळा कायमचा गेला. चोच मारली की दाणा एकीकडं आणि चोच दुसरीकडं. म्हणून ती तळहातावर तांदूळ घेऊन त्याच्यासमोर धरायची. पुढं तो धडधाकट झाला, किडामुंगी टिपू लागला, तरी दाणा हातावरचाच. जमिनीवर तांदूळ टाकला तर त्याच्यावरून चालत जायचा, जसा काही तो रस्त्यावर टाकलेली गिट्टीच आहे. माझ्या हातावरचाही खायचा नाही. मी एकदोनदा धरून पाहिला. त्यानं मान वाकडी करून त्या एका डोळ्यानं माझ्याकडं असं पाहिलं की मीच हात मागं घेतला.

चालायचा छाती काढून, मजुरांच्या मधून, प्रत्येकाच्या कामाकडं बघत. तिनं त्याचं नाव मुकादम ठेवलं. आमच्या गँगचा खरा मुकादम शामराव, मिशीवाला, तोंडाचा फटकळ. मी म्हटलं, शामरावले राग येईन.

"त्यालेच इचारलं ना. म्हटलं, भाऊ, हा तुमच्यावानीच चालते, नाव ठिवू का? तो काई बोलला नाई."

त्या दिवसापासून शामराव डब्ब्यासमोरून जाताना छाती काढून चालायचा नाही.

रात्री कोंबडा तिच्या पायांवर बसायचा. ती म्हणायची, याच्या पोटात निखारा हाये. खरंच असावा. माझे पाय बर्फ आणि ही पलीकडे घोरतेय.

गँगवर जुरी नावाची एक बाई होती, जवळच्याच माडिया आदिवासींच्या गावातली. घमेल्यानं गिट्टी टाकायची. तिची लेक चिन्नी नुकतीच चालू लागलेली. आधी जुरी तिला रस्त्याच्या कडेला झोळीत टांगून काम करायची. भागरथानं दोन दिवस पाहिलं, तिसऱ्या दिवशी जाऊन पोरगी काढून आणली. "वारा लागते तिथी. इथी मुकादम हाये पाह्याले." मग दिवसभर पोरगी आणि कोंबडा डब्ब्यात. पोरगी त्याची शेपटी ओढायची. तो ओरडायचा, पण चोच मारायचा नाही.

एका संध्याकाळी मी रोलरला ताडपत्री घालत होतो. दिवस बुडत होता, मजूर निघून गेले होते. डब्ब्यापासून मी हाकेवर. अचानक तिचा आवाज ऐकू आला. मला वाटलं कोणाशी भांडते आहे. पाहतो तर डब्ब्याच्या टपावर बिबट. पोट टेकून बसलेला, शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. खाली दार लावून ही. हातातला पाना टाकून मी रोलरवर चढलो. बिबटानं पंजा खिडकीवर टाकला. टिनावर नखं ओढल्याचा आवाज मी नंतर किती वर्षं झोपेत ऐकला.

आतून ती ताटलीवर पळी बडवत होती आणि बोलत होती. घाबरून नाही, तापून. "एवढं जंगल पडलं हाये तुले! चितळं हायेत, डुकरं हायेत! माह्या दारात कायले आला? लाज नाई वाटत? एका डोळ्याचा कोंबडा पाह्यजे याले! घरी कोणी नाई का तुह्या?"

तो गेला. तिच्या बोलण्यानं गेला की मी रोलरचं इंजिन चालू केलं त्यानं गेला, यावर आमचं जन्मभर एकमत झालं नाही. मी दार उघडलं तर ती फळीवर बसलेली, कोंबडा पोलक्यात दाबलेला, त्याची चोच मुठीत घट्ट धरलेली. तिची मूठ मलाच सोडवावी लागली. बोटं उघडत नव्हती. तेव्हा कळलं, किती भ्यायली होती.

म्हणाली, "चहा ठिवू का?"

पुढच्या आठवड्यात जुरीचा सासरा विज्जा तिला घ्यायला कामावर आला. म्हातारा, काटकुळा, अंगावर एक पंचा आणि खांद्यावर कुऱ्हाड. कोंबडा पाट्यावर उभा होता. विज्जा खाली बसला आणि त्याच्या पायाकडं बघत राहिला. डाव्या पायाचं एक नख मुळापासून कापलेलं होतं. आम्ही रोज पाहत होतो, आम्हाला वाटलं मुंगसानं तोडलं असेल.

"बाई," विज्जा म्हणाला, "हा कोंबडा आमच्या घरचा हाये. पण आमचा नाई. पेनाचा हाये."

पेन म्हणजे त्यांचा देव. पावसाळ्यात चिन्नी जगेल असं वाटत नव्हतं, तेव्हा विज्जानं हा कोंबडा पेनाच्या नावानं राखला होता. नख कापायचं ती त्याची खूण. मग एका रात्री काहीतरी आलं आणि खुराड्यातून कोंबडा गेला. त्यांनी खूप शोधला. जुरी त्याला आमच्याकडं रोज पाहायची, पण एका डोळ्याचा म्हणून तिला तो ओळखू आला नव्हता.

भागरथाचा चेहरा दगडासारखा झाला. मला वाटलं आता ही तोंड उघडते. विज्जाच म्हणाला, "पेनाचा दिवस अजून आला नाई. तवरोक तूच पोस. तुह्याजवळ बरा हाये."

तो गेल्यावर ती म्हणाली, "आपल्यात नवस नाई."

"आपल्यात नाई. त्यायच्यात हाये."

"त्यायच्यात हाये म्हणून त गप राह्यली मी. नाई त सोडलं असतं का?"

त्यानंतर ती कोंबड्याशी पूर्वीसारखी बोलायची नाही. तांदूळ धरायची, पण दुसरीकडं बघून.

दिवस ठरण्याआधीच चिन्नी आजारी पडली. आधी दुपारी हिव भरायचं, मग केव्हाही. जुरी कामावर यायची बंद झाली. भागरथा गावात जाऊन पाहून आली आणि डब्ब्याच्या दारात उभी राहिली, आत येईना. "पोरीचे डोळे वर जाऊन राह्यले. अहेरीच्या दवाखान्यात नेली नाई तर आज जाते ते."

अहेरीला जायचं एकच साधन. गिट्टी टाकून रिकामा परतणारा ट्रक. तो सूर्य असेपर्यंतच निघायचा, कारण पुढं नाल्यातून गाडी काढायला ड्रायव्हरला उजेड लागायचा. त्या दिवशी ट्रक अर्धा रिकामा झाला होता. ती पुन्हा गावात गेली. या वेळी मी आणि शामरावही मागं.

विज्जा अंगणात बसला होता. म्हणाला, "पेनाचं देणं बाकी ठिवून पोरीले गावाबाहेर नाई नेत. वाटेतच जाईन ते."

"इथी ठिवली त इथीच जाईन!" ही ओरडली.

विज्जानं मान हलवली. तो दुष्ट नव्हता. त्याचीच नात होती ती. पण जे एकदा पोरीला वाचवून गेलं, त्याला फसवून तिला बाहेर काढायची त्याची हिंमत नव्हती. जुरी पोरीला छातीशी धरून भिंतीला टेकलेली. ती सासऱ्याकडंही बघत नव्हती आणि आमच्याकडंही.

शामराव मला हळूच म्हणाला, "उचलू का पोरगी? दोघं मिळून?"

भागरथानं ऐकलं. "हात नोको लावू, भाऊ. उचलून नेशीन, पण मायचं मन इथीच राह्यलं, न ते पोरगी मेली, त जन्मभर म्हणीन, पेनानं नेली." मग विज्जाकडं वळली. "कोंबडा आणते. आत्ता द्या पेनाले. दिल्यावर पोरगी टरकात टाकसान?"

विज्जा म्हणाला, "टाकीन."

शामराव ट्रककडं पळाला. ही डब्ब्याकडं. मी तिथंच.

तिनं कोंबडा पदराखाली आणला. मोहाच्या झाडाखाली त्यांच्या पेनाची जागा होती. त्यांचा पुजारी, ज्याला ते पेरमा म्हणतात, आधीच येऊन बसला होता. त्यानं जमीन सारवली, तांदळाची छोटी रास केली. मला रीत माहीत होती. कोंबड्यानं तो तांदूळ टिपला म्हणजे देवानं तो स्वीकारला. नाही टिपला तर देवाला तो नको. मग दुसरा शोधायचा, दुसरा दिवस बघायचा.

आणि मला हेही माहीत होतं की हा टिपणार नाही.

तिलाही माहीत होतं. मी तिच्याकडं पाहिलं. ती पुढं सरकून उभी होती, हात पदरात गुंडाळलेले.

पेरमानं कोंबडा सोडला. कोंबडा छाती काढून चालला, तांदळावरून, जसा गिट्टीवरून जातो तसा. पलीकडं जाऊन उभा राहिला. पेरमानं तोंडानं काही म्हटलं, परत आणला, परत सोडला. पुन्हा तेच. गावचे लोक जमले होते. लांबून ट्रकचा हॉर्न ऐकू आला. एकदा. मग लांबलचक.

पेरमा हात जोडून बसला. विज्जाला त्याच्या भाषेत काही म्हणाला. विज्जाचं डोकं खाली गेलं. जुरीच्या तोंडून आवाज आला, रडण्यासारखा नाही, काहीतरी तुटल्यासारखा. कोणी मला सांगायची गरज नव्हती. पेन घेत नव्हता.

भागरथानं फक्त गप्प राहायचं होतं. कोंबडा वाचला होता. तिनं काही केलं नव्हतं, कोणी तिला बोल लावला नसता, आपल्या देवानंच नाकारला असं गावच म्हणालं असतं. मी तिच्या जागी असतो तर काय केलं असतं, ते मला सांगता येत नाही.

ती पुढं गेली. वाकली. सारवलेल्या जागेवरचे तांदूळ तिनं उजव्या तळहातावर उचलले आणि पेरमाला म्हणाली, "भाऊ, हा जमिनीवरचा खात नाई. माह्या हातानं चालते का?"

पेरमानं तिच्या हाताकडं बराच वेळ पाहिलं. ती त्यांच्या जातीची नाही, त्यांच्या देवाची नाही, कोणत्याच देवाची नाही. हॉर्न परत वाजला. पेरमा म्हणाला, "हात कोनाचा बी असो. दाना पेनाचा हाये."

तिनं तळहात धरला. "ये," म्हणाली. बऱ्याच दिवसांनी तिनं त्याच्याकडं बघून हाक मारली. "ये, मुकादम."

कोंबडा धावत आला आणि खाऊ लागला. सगळे खाल्ले. एक दाणा बोटांच्या फटीत अडकला होता, तोही मान वाकडी करून काढला.

पुढचं तिनं पाहिलं. तोंड फिरवलं नाही. मीच फिरवलं.

आम्ही पोरीला घेऊन पळालो. रस्त्यावर ट्रक उभा, ड्रायव्हर शिव्या देतोय आणि त्याच्या चाकापुढं शामराव मांडी घालून बसलेला. आम्ही दिसलो तसा उठला, मागची धूळ झटकली आणि ड्रायव्हरला म्हणाला, "हां, आता जाय न. कोणी धरलं तुले?" जुरी, पोरगी, विज्जा वर चढले. विज्जानं वरून एकदा मोहाच्या झाडाकडं हात जोडले, मग भागरथाकडं. तिनं त्याला हातानंच जा-जा म्हटलं.

चिन्नी जगली. सुई आणि गोळ्यांनी जगली असं मी म्हणतो. जुरी पेनानं म्हणायची. भागरथा दोघांनाही "हो जी" म्हणायची.

त्याच दिवशी अंधार पडायच्या आत पेरमाचा माणूस द्रोण घेऊन आला होता. पेनाच्या कोंबड्यातला तिचा वाटा. ती द्रोण मांडीवर घेऊन बसून राहिली. मग माझ्यापुढं सरकवला. "तुमी खा. माह्याच्यानं नाई होत. न वापस पाठवला त त्यायले वाईट वाटन."

मी खाल्ला. चांगला झाला होता, खोटं कशाला सांगू. ती पाट्याजवळ बसून मी हाडं चोखताना बघत होती. संपल्यावर द्रोण तिनं धुतला आणि खिडकीत सुकत ठेवला.

त्या हिवाळ्याचे उरलेले दिवस ती गोधडीत पाय पोटाशी घेऊन झोपली. सकाळी उठून पोत्यातून तांदूळ मुठीत घ्यायची, दारापर्यंत जायची आणि परत येऊन तांदूळ पोत्यात टाकायची. पुढं आमचं पक्कं घर झालं, मुलगा झाला, सून आली. कोंबडी तिनं कधी पाळली नाही. सून म्हणायची, "अंडे तरी होतीन, आई." ही म्हणायची, "बाजारात भेटतेत."

गेल्या पुसात ती अंथरुणावर होती तेव्हा अशीच थंडी होती. खाणं बंद केलं होतं. सुनेनं चमच्यानं पाहिलं, मुलानं पाहिलं, डॉक्टरनं रागावून पाहिलं. ती ओठ मिटून भिंतीकडं बघायची. एका दुपारी घरात कोणी नव्हतं. मी मऊ भात कालवला, थोडं मीठ टाकलं, आणि का ते माहीत नाही, चमचा न घेता तळहातावर घेऊन तिच्यासमोर धरला.

तिनं हाताकडं पाहिलं. मग माझ्याकडं. डोळ्यांत जुनं तेच आलं, माझ्या आईला हरणाचं विचारताना होतं ते.

"आधी जमिनीवर टाकून पाहा," ती म्हणाली.

मला हसू फुटलं. भात सांडला असता. तिनं मनगट धरलं, ओढून तोंडाजवळ नेलं आणि खाल्लं. हळूहळू, सगळं. बोटाच्या फटीत एक शीत राहिलं होतं, तेही घेतलं. मग पदराच्या टोकानं माझा तळहात पुसला आणि माझी बोटं एकेक करून मिटवून दिली.